न काढलेला आलेख : दहावीचे वर्गसमीकरण आणि त्याची दोन उत्तरे

गेली वीसेक वर्षे सोलापूरच्या पूर्वभागात मी संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो आहे. मी शिक्षक नाही. दिवसा सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. माझे कॉलेज दुसऱ्याच वर्षी सुटले आणि त्यानंतरचे गणित मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणि वाचनालयांतून जमेल तसे गोळा केले. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे मांडणार आहे ते एखाद्या विद्यापीठाच्या प्रकल्पातून आलेले नाही. यंत्रमाग कामगारांच्या आणि विडी वळणाऱ्या बायांच्या मुलांच्या वह्या तपासताना ते हाती लागले आहे.

सुरुवात एका वहीपासून झाली. उदाहरण नेहमीचेच होते. एका आयताची लांबी रुंदीपेक्षा दोन मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ १२० चौरस मीटर आहे, तर रुंदी किती? मुलाने वर्गसमीकरण मांडले, अवयव पाडले, १० आणि उणे १२ अशी दोन उत्तरे काढली, उणे १२ वर काट मारली आणि १० खाली रेघ ओढली. पैकीच्या पैकी गुण. मी विचारले, ‘‘उणे बारा का खोडलंस?’’ तो म्हणाला, ‘‘सर, ऋण उत्तर खोडायचं असतं.’’

मग मी त्याला दुसरे उदाहरण घातले. चेंडू सरळ वर फेकला आहे. किती सेकंद झाले ते घ्या, त्याच्या २० पटीतून त्याच्या वर्गाची ५ पट वजा करा, की चेंडूची उंची मीटरमध्ये मिळते. आता सांग, चेंडू १५ मीटर उंचीवर केव्हा असेल? त्याने १ आणि ३ अशी दोन उत्तरे काढली, क्षणभर थांबला आणि ३ वर काट मारली. ‘‘आता हे का?’’ ‘‘एकच उत्तर लिहायचं असतं ना, सर.’’

मुलगा हुशार होता. त्याला जे शिकवले गेले ते त्याने बिनचूक केले. वर्गसमीकरण सोडवायला तो शिकला होता, पण उत्तर वाचायला शिकला नव्हता. या दोन गोष्टींच्या मध्ये जे हवे, ते त्याला कुणी दाखवलेच नव्हते. त्याने वर्गसमीकरणाचा आलेख कधी काढलेला नव्हता.

पुस्तकात काय आहे, काय नाही

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताचे दोन भाग आहेत. पहिला भाग बीजगणिताचा. २०१८ साली आलेल्या पुस्तकात त्याचे पहिले प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. तिथे आलेख आहे. मुले क्रमित जोड्यांचा तक्ता करतात, बिंदू मांडतात, पट्टीने रेषा ओढतात आणि दोन रेषा जिथे छेदतात ते उत्तर म्हणून लिहितात. दुसरे प्रकरण वर्गसमीकरणांचे. तिथे अवयव पद्धत आहे, पूर्ण वर्ग पद्धत आहे, सूत्र आहे, मुळांचे स्वरूप सांगणारा विवेचक आहे. मात्र पहिल्या प्रकरणात इतका हाताळलेला ग्राफ पेपर दुसऱ्या प्रकरणात दप्तरात परत जातो. सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकात बहुपदींच्या प्रकरणात हा वक्र निदान दाखवला तरी जातो. आपल्याकडे त्याची खरी भेट अकरावीत होते, तीही गणित घेणाऱ्यांशीच.

दहावीनंतर कला शाखेला जाणारी, गणित न घेता वाणिज्यला जाणारी, आयटीआयला जाणारी आणि थेट कामाला लागणारी मुले आपल्याकडे थोडी नाहीत. या सगळ्यांनी वर्गसमीकरणाची डझनावारी उदाहरणे सोडवलेली असतात, पण त्याचे रूप एकदाही पाहिलेले नसते. नकाशा न पाहता एखाद्या गावाचा पत्ता पाठ करून घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

भास्कराचार्यांची माकडे

हा प्रश्न आजचा नाही. दोन उत्तरांपैकी कोणते ठेवायचे, हा पेच आपल्याकडच्या बीजगणितात नऊशे वर्षांपूर्वी उघडपणे मांडला गेला आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इसवी सन १११४चा. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जलविड या आपल्या गावाचा उल्लेख त्यांनी स्वतः केला आहे. हे गाव नेमके कुठले, यावर मतभेद आहेत. काहींनी ते आमच्या शेजारचे विजापूर मानले. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याच्या काळचा शिलालेख सापडला आणि खानदेशचा दावा बळकट झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद त्या लेखात आहे. एका गणितज्ञाची पुस्तके शिकवली जावीत म्हणून दिलेल्या देणगीचा दगड महाराष्ट्रात उभा आहे, ही गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगतो.

त्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात माकडांची दोन उदाहरणे लागोपाठ येतात. पहिले असे : कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर जितकी संख्या येईल तितकी माकडे रानात खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत, तर एकूण माकडे किती? उत्तरे दोन, ४८ आणि १६. भास्कराचार्य दोन्ही मान्य करतात. दुसरे असे : कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते आहे, तर एकूण किती? इथेही दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. इथे मात्र ते सांगतात की दुसरे घेऊ नये. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन राहतात आणि अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही.

नीट पाहा, ५ हे उत्तर ऋण नाही. आमच्या वहीतल्या मुलाच्या नियमाने ते खोडताच आले नसते. तो बहुधा ‘एकच लिहायचं असतं’ म्हणून दोहोंपैकी कुठले तरी खोडून मोकळा झाला असता. भास्कराचार्यांनी उत्तर घेऊन गोष्टीत परत जाऊन पाहिले. एका गोष्टीत दोन्ही उत्तरे बसली, दुसरीत एकच बसले.

आपण जे सूत्र पाठ करतो त्याचे मूळही इथेच आहे. दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मग अव्यक्ताच्या सहगुणकाचा वर्ग दोन्हींकडे मिळवा, ही युक्ती श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. हा नियम भास्कराचार्यांनी उद्धृत केला म्हणून टिकला. मूळ काढण्याची कला आपल्याकडे इतकी जुनी आहे. नव्हता तो आलेख. संख्यांच्या जोड्या कागदावर बिंदूंनी मांडायची वाट युरोपात देकार्तच्या १६३७च्या ग्रंथाने मोकळी केली. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने छापून सांगितले की फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा असतो. तरी शाळेत चौकटीचा कागद यायला विसावे शतक उजाडले. ब्रिटनमध्ये जॉन पेरी यांनी १९०१ साली ग्लासगोच्या भाषणात गणिताचे शिक्षण व्यवहाराला जोडण्याचा आणि चौकटीच्या कागदाचा आग्रह धरला. जर्मनीत फेलिक्स क्लाइन यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये मेरान येथे जो अभ्यासक्रम सुचवला गेला, त्यात एका राशीवर दुसरी कशी अवलंबून असते या विचाराला शालेय गणिताच्या मध्यभागी बसवले होते.

आलेखावर माकडे

आता हे दोन तुकडे एकत्र आणू. भास्कराचार्यांचे दुसरे उदाहरण ग्राफ पेपरवर घेऊ. आडव्या अक्षावर कळपातली संख्या. त्या संख्येचा पाचवा भाग, उणे तीन, त्याचा वर्ग, अधिक एक, एवढे करून येईल ते उभ्या अक्षावर. ५ घेतले तर ५ येतात, १० ला २, १५ ला १, २० ला पुन्हा २, २५ ला ५, ३० ला १०, ४० ला २६ आणि ५० ला ५०. बिंदू जोडले की वाटीसारखा वक्र तयार होतो. त्याचा तळ १५ वर आहे. आता ‘जेवढे आडवे तेवढेच उभे’ अशी तिरपी रेषा ओढा. ती वक्राला दोन ठिकाणी छेदते. डाव्या बाहूला ५ वर, उजव्या बाहूला ५० वर.

डावा बाहू म्हणजे १५ पेक्षा कमी माकडे. तिथे पाचवा भाग तीनपेक्षा लहान असतो, म्हणून वजाबाकी ऋण येते. वर्ग करताना ते ऋण चिन्ह झाकले जाते आणि ५ हे उत्तर सभ्य चेहऱ्याने समोर उभे राहते. पहिल्या उदाहरणाचा आलेख काढला तर वाटीचा तळ शून्यावर येतो आणि १६ व ४८ हे दोन्ही छेद उजव्याच बाहूवर पडतात. म्हणून दोन्ही चालतात. बाराव्या शतकातल्या निवाड्याचे कारण मुलांना बोट ठेवून दाखवता येते.

चेंडूचेही तसेच. दर सेकंदाची उंची मांडा : ०, १५, २०, १५, ०. वक्र उलट्या वाटीसारखा होतो. १५ वर आडवी रेषा ओढली की ती वक्राला दोनदा छेदते, एकदा चेंडू वर जाताना आणि एकदा खाली येताना. दोन्ही उत्तरे खरी. २० वर ओढली की माथ्याला फक्त टेकते, तिथे दोन मुळे एकच होतात. २५ वर ओढली तर वक्राला लागतच नाही, कारण चेंडू तिथवर पोहोचत नाही. विवेचक धन, शून्य किंवा ऋण असणे म्हणजे काय, हे मुले तीन ओळी पाठ करून लिहितात. ते सगळे इथे एक पट्टी वरखाली सरकवून समजते.

आयताच्या उणे १२ चा उलगडाही आता होतो. तिथला वक्र १२० ची रेषा उणे १२ वर खरोखरच छेदतो. पण त्या गोष्टीला वक्राची डावी बाजू लागू नाही, कारण रुंदी शून्याच्या पुढेच सुरू होते. उत्तर ऋण आहे म्हणून ते खोडायचे नसते. गोष्ट तिथवर जात नाही म्हणून ते सोडायचे असते.

मुले कुठे अडखळतात

आलेख काढायला सांगितला की मुले आधी पट्टी काढतात. रेषीय समीकरणाची सवय असते. तीन बिंदू घेतात आणि पट्टीने जोडतात, मग वाटीऐवजी कोपरा तयार होतो. पट्टी बाजूला ठेवायला लावून हाताने वक्र काढून घेणे, हे पहिले काम.

दुसरी चूक ऋण संख्येच्या वर्गाची. उणे दोनचा वर्ग उणे चार असे धरून बिंदू मांडला की डावा बाहू वर जायच्या ऐवजी खाली घसरतो. वहीत ही चूक पाच ओळींनंतर कुठेतरी कळते, कधी कळतच नाही. कागदावर ती तत्काळ दिसते. ‘‘सर, एक बाजू पडली,’’ असे मुले स्वतःच म्हणतात.

तिसरी अडचण मला सर्वांत शिकवणारी वाटते. क्षचा वर्ग, उणे तीन क्ष, अधिक दोन. ०, १, २, ३ या किमतींना उत्तरे येतात २, ०, ०, २. मुले १ आणि २ यांच्यामध्ये सपाट रेघ ओढतात. वाटीला बूड येते. मी विचारतो, ‘‘दीडला किती?’’ उणे पाव येते. तळ पूर्णांकांच्या मध्ये लपला होता. दोन मुळांच्या बरोबर मध्ये तळ असतो, हे त्यानंतर सांगावे लागत नाही.

म्हणून मी सूत्राच्या आधी सुतळी देतो. ४० सेंटिमीटर सुतळीचे कडे, चार टाचण्या, पुठ्ठा. रुंदी २ ठेवली तर क्षेत्रफळ ३६, चारला ६४, सहाला ८४, आठला ९६, दहाला १००, बाराला परत ९६. मग वाढ लिहायला सांगतो : २८, २०, १२, ४, आणि पुढे उणे ४. प्रत्येक वेळी वाढ आठाने कमी होते. रेषेत वाढ सारखी असते, इथे वाढीतला बदल सारखा असतो. वर्गसमीकरणाची ही ओळख मुलांच्या बोटांना होते, मग सूत्र आले तरी ते परके वाटत नाही.

चटणीच्या पुड्या

आता माझ्या एका चुकीची हकिकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी होती. वडील यंत्रमागावर, आई घरी शेंगा चटणी कुटून पुड्या विकायची. मी तिच्यासाठी उदाहरण रचले. पुडीला खर्च ३० रुपये. शंभरातून किंमत वजा केली की आठवड्याला खपणाऱ्या पुड्या मिळतात, असे धरू. आई ४० ला विकते, म्हणजे ६० पुड्या. नफा ६०० रुपये. मुलांनी तक्ता केला : ३० ला ०, ५० ला १०००, ६० ला १२००, ६५ ला १२२५, ७० ला पुन्हा १२००, ९० ला ६०० आणि १०० ला ०.

आलेखावर चर्चा रंगली. नफा शून्य होतो तो दोन ठिकाणी. ३० ला सत्तर पुड्या जातात पण मेहनत फुकट, १०० ला पुडीच जात नाही. शून्य तेच, पण त्याचे अर्थ दोन. मग ती मुलगी म्हणाली, ‘‘सर, सहाशे रुपये चाळीसलापण मिळतात आणि नव्वदलापण. नव्वदला दहाच पुड्या कुटायच्या.’’ तिचे बोट आलेखाच्या डाव्या टोकावर होते. ‘‘आई शून्याच्या जवळ बसलीय.’’

तो कागद ती घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आई वर्गाच्या दाराशी आली. रागावली नव्हती, पण हसतही नव्हती. ‘‘सर, नव्वदला दहा पुड्या घेणारी माणसं कोण ओ? नावं सांगा, मी आजच जाते.’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. शंभरातून किंमत वजा हा नियम मी सोयीसाठी रचला होता. वक्र काढणे मी शिकवले होते, पण तो कशावर उभा आहे हे विचारायला शिकवले नव्हते. वहीतला मुलगा उत्तर न वाचता खोडत होता आणि मी गृहीतक न वाचता आलेख काढत होतो. दोष सारखाच.

मी बाईंना तसे सांगितले. मग आम्ही ठरवले की मुलीने वही ठेवायची. थोडे आठवडे ४५ ला विकून पाहायचे, थोडे ५० ला. ४५ ला पुड्या थोड्याच कमी खपल्या. पन्नासला मात्र नेहमीचे गिऱ्हाईक एकदम तुटले. खऱ्या बिंदूंचा आलेख काढला तेव्हा तो माझ्या आलेखासारखा सुबक दोन्हीकडे सारखा नव्हता. माथा ६५ च्या कितीतरी अलीकडे होता आणि उजवी बाजू कड्यासारखी उतरत होती. पण माथा होता, आणि तो चाळीसच्या पुढे होता. आईने ४५ कायम केले.

तेव्हापासून माझ्या वर्गात आलेखाखाली दोन ओळी लिहाव्या लागतात : हा वक्र कुठून कुठपर्यंत खरा, आणि का. परीक्षेत त्याला गुण नाहीत. काही पालक विचारतात, मग वेळ कशाला घालवता? मी त्यांना सांगतो, चार तासिका लागतात. सुतळीची एक, चेंडूची एक, माकडांची एक आणि स्वतःच्या घरच्या आकड्यांची एक. त्यानंतर सूत्र शिकवायला नेहमीपेक्षा कमी वेळ लागतो, आणि एकच उत्तर लिहायचे म्हणून दुसरे खोडणारी मुले माझ्या वर्गात आता क्वचितच दिसतात.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा आहेत. सूत्राचे वर्णन प्रत्येक भाषेत वेगळे पाठ करावे लागते. वाटीच्या आकाराचा वक्र सगळ्यांना एकसारखा दिसतो. दहावीच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे की, वर्गसमीकरणाच्या प्रकरणाला सुरुवात करताना प्रत्येक मुलाच्या हाती एक ग्राफ पेपर द्यावा. अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायला नको.

ती मुलगी पुढे वाणिज्य शाखेला गेली आणि तिने गणित घेतले नाही. अकरावीचा अन्वस्त तिच्या वाट्याला आलाच नाही. चटणीची वही मात्र ती अजून ठेवते, असे तिच्या आईने मागच्या गड्ड्याच्या यात्रेत भेटल्यावर सांगितले. शेंगदाणा महागला, तेव्हा खर्चाचा आकडा बदलून तिने आलेख नव्याने काढला होता.